दोन रेघा पुढे

जुने कागद पस्तीत काढायचं काम आमच्या कंपनीत एचआरच्या, म्हणजे माझ्याच गळ्यात पडतं. (पस्ती म्हणजे रद्दी. बडोद्याची मराठी, चालवून घ्या.) यंदा पहिल्याच पावसात रेकॉर्डरूमच्या भिंतीला ओल आली आणि दहा-बारा वर्षांच्या फायली बाहेर काढून पंख्याखाली पसराव्या लागल्या. मकरपुरा जीआयडीसीतली आमची शेड तशी जुनी. औषध कारखान्यांना लागणारी यंत्रं आम्ही बनवतो, माणसं दीडशेच्या आतबाहेर. एवढ्याशा कंपनीत न घेतलेल्या उमेदवारांचे फॉर्म कुणी जपून ठेवत नाही, पण मला ती खोड आहे. त्यातला एक फॉर्म हातात आला, कडा पिवळ्या पडलेला, आणि पस्तीच्या ढिगावर टाकायचा सोडून मी खुर्ची ओढून बसले.

फॉर्मवर पाच रकाने आहेत. शिक्षण, अनुभव, तांत्रिक ज्ञान, बोलणं-चालणं, आणि शेवटचा 'कल्चर फिट'. हा पाचवा पूर्वी नव्हता. मालकांचा मुलगा एमबीए करून परत आला तेव्हा त्याच्याबरोबर आला, कॉफीच्या मशीनसारखा. मशीन कसं वापरायचं ते निदान शिकवलं तरी. या रकान्यात काय भरायचं हे कुणी सांगितलं नाही, आणि गंमत म्हणजे कुणी विचारलंही नाही. आधीच्या चार रकान्यांत आम्ही खाडाखोड करायचो, सात द्यावेत की आठ यावर घासाघीस करायचो. पाचव्यात पेन कधी अडलं नाही.

या फॉर्मवर तांत्रिक ज्ञानात दहापैकी नऊ आहेत. आमच्याकडे नऊ कुणाला मिळत नाहीत. आणि पाचव्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, 'नाही'. खाली तीन सह्या, पहिली माझी.

उमेदवाराचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही लगेच तेच कराल जे आम्ही केलं.

जागा क्वालिटी इन्स्पेक्टरची होती. मुलगा बोडेलीच्या पुढचा, आयटीआय केलेला, वाघोडियाला एका छोट्या वर्कशॉपात तीन वर्षं काम केलेला. शर्ट कोरा करकरीत, पुडक्यातल्या घड्या छातीवर तशाच. कॉलरच्या मागची एक टाचणी काढायची राहून गेली होती. तो दारातून आत येऊन पाठमोरा झाला, दार लावलं, तेव्हा मला ती दिसली. टोचत असणार, कारण सगळा वेळ तो मान जराशी कलती धरून बसला होता. 'बोलणं-चालणं'च्या रकान्यात आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी लिहिलंय, 'नजरेला नजर देत नाही'. टाचणीचं मी काही बोलले नाही. मुलाखतीत असं काही सांगायचं नसतं असं तेव्हा मला वाटत होतं.

क्वालिटीच्या उमेदवारांसाठी आमची एक ठरलेली परीक्षा असते. कॉन्फरन्सरूमच्या ड्रॉवरमध्ये स्टीलचा एक गोल तुकडा आणि एक व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला असतो. तुकड्याचा व्यास मोजून सांगायचा. उत्तर साहेबांना पाठ, २५.०६ मिलिमीटर. कुणी बरोबर सांगतं, कुणी घाबरून भलतंच सांगतं.

या मुलानं तुकडा आधी रुमालानं पुसला. मग व्हर्नियर हातात घेतली, तुकडा बाजूलाच ठेवला, रिकामे जबडे मिटले आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बघत राहिला. साहेब म्हणाले, "अरे, तुकडा माप ने." तो म्हणाला, "पहेलां झीरो जोई लऊं, साहेब." आधी शून्य बघून घेतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हर्नियरचे जबडे पूर्ण मिटले की वरच्या आणि खालच्या पट्टीचं शून्य एका रेषेत यायला हवं. वापरून झिजून, कधी हातातून पडून, ते सरकतं. एकदा शून्य सरकलं की पुढचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं, मोजणाऱ्याची नजर कितीही साफ असो. म्हणून आधी साधन तपासायचं, त्याची चूक किती ते बघायचं आणि उत्तरातून ती काढून टाकायची. आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात हे. शिकून झाल्यावर करतं कोण, हा प्रश्न वेगळा.

आमची व्हर्नियर दोन रेघा पुढे होती. एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर. त्यानं तुकडा मोजला, फॉर्मच्या मागच्या बाजूला वजाबाकी केली आणि सांगितलं, २५.०२.

साहेब हसले. "खोटुं." चूक.

मुलगा गप्प. मग खाली बघतच म्हणाला, "बीजाथी मापी जुओ, साहेब." दुसऱ्यानं मोजून बघा. आवाजात उर्मटपणा नव्हता, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येईल. शॉपमधून मायक्रोमीटर मागवला. २५.०२.

साहेबांचं पाठ उत्तर कधीकाळी त्याच व्हर्नियरनं काढलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं जे उमेदवार आमच्या चुकीशी जुळले ते आमच्या लेखी बरोबर ठरले होते. साहेब तसे सरळ माणूस. मोकळेपणानं म्हणाले, "होशियार छे!" आणि नऊ गुण लिहिले. पण कान जरा लाल झाले होते. पुढच्या वीस मिनिटांत त्या लाल कानांचा वाटा किती, ते मला मोजता येत नाही.

मग चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. कुठे राहतोस, वडील काय करतात, रविवारी काय करतोस, नवरात्रीत कुठल्या गरब्याला जातोस. हे प्रश्न आम्ही प्रश्नांसारखे विचारतच नाही. समोरचा सैल व्हावा म्हणून विचारतो, असं आम्हीच एकमेकांना सांगत असतो. वडील शेती. रविवारी गावी, शेतावर. गरबा गावातच, इथल्या मोठ्या मैदानांवरचे पास परवडत नाहीत. बशीत ओतून चहा पीत तो एकेक उत्तर सरळ देत होता. मग आमच्या अकाउंट्सवाल्यांनी विचारलं, "टिफिन लावशो के कँटीन?"

गुजरातेत नोकरी केलेल्या कुणालाही हा प्रश्न कशाबद्दल आहे ते सांगावं लागत नाही. आमच्या कँटीनच्या दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी हिरवी पाटी आहे. बरोबर उत्तर 'कँटीन', किंवा 'घरचंच, साधं'. तो म्हणाला, टिफिन. रोटला, भाजी, आणि गावाहून आलेले असले तर मासे.

अकाउंट्सवाल्यांनी "अच्छा" म्हटलं. मी नजर कागदावर नेली.

आता माझं सांगते. आम्ही सीकेपी. त्याच्या आदल्याच रविवारी आमच्याकडे सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी झाली होती, वर खवलेलं ओलं खोबरं, कोथिंबीर, शेजारी पापड. बडोद्यात चांगले सोडे मिळत नाहीत, माझी नणंद मुंबईहून पाठवते, आणि ते डब्यात भरून डबा पिशवीत घालून पिशवी कपाटात ठेवायची आमच्या घरची शिस्त आहे. नोकरीत मला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. वीस वर्षांत माझ्या ऑफिसच्या डब्यात बटाटा, भेंडी, गवार, थेपले यांच्यापलीकडे काही गेलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका सहकारी बेननं मोठ्या प्रेमानं विचारलं होतं, "तमे मराठी, एटले ब्राह्मण ज ने?" मी हसले. त्या हसण्यावर माझं सगळं भागलं.

आणि इथे समोर पंचविशीतलं पोर 'मासे' म्हणून मोकळं झालं होतं. मला त्याची लाज वाटली की स्वतःची, हे तेव्हा नीट कळलं नाही. एवढं आठवतं की लाज कुणाची का असेना, चिडले मी त्याच्यावरच. एवढं साधं कळत नाही याला?

तो गेल्यावर आमची चर्चा चार-पाच मिनिटं चालली. "होशियार छे, पण सेट नहीं थाय," साहेब म्हणाले. सेट होणार नाही. का, ते कुणी बोललं नाही. अकाउंट्सवाले म्हणाले, मला वैयक्तिक काही नाही, पण पोरं त्याला नीट घेणार नाहीत, उगाच त्यालाच त्रास. मी त्यावर मान हलवली. पेन माझ्या हातात होतं.

'सेट होणं' मला नवं नव्हतं. मी ते दुसऱ्या बाजूनं खाल्लेलं होतं. १९९६ साली सयाजीराव युनिव्हर्सिटीतून एमएसडब्ल्यू करून मी पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. काका नारायण पेठेत राहायचे, पहाटे उतरून त्यांच्याकडे आंघोळ करून, काकूची इस्त्रीची साडी नेसून गेले. पॅनेलवर तिघं. "बडोद्याच्या का? वा, सयाजीरावांचं बडोदं!" इथपर्यंत छान चाललं होतं. मग विचारलं, घरी मराठीच बोलता ना? मी म्हटलं, "मराठीच बोलतो ने." तो 'ने' आमच्या घरात वाक्याच्या शेपटीला आपोआप येतो, जसा गुजरातीत येतो. एक जण हसले. "गोड आहे हो तुमचं मराठी." मग मधल्या बाईंनी काळजीनं विचारलं, "पुण्यात रमाल का पण?" पुण्यात कुणी तुमचं मराठी गोड आहे म्हणालं की समजावं, कॉल लेटर येत नाही. आलं नाहीच.

इकडे बडोद्यात आमच्या किती पिढ्या गेल्या, तरी 'तमे मराठी लोको' सुटत नाही. प्रेमानं म्हणतात, पण म्हणतात. दोन्हीकडे पाहुणचार उत्तम, पण पाहुण्यांचाच. असं दोन्हीकडून पारखून घेतलेलं माणूस तरी तिसऱ्याला पारखताना हात राखेल, असं वाटेल कुणाला. माझा अनुभव उलटा आहे. उंबऱ्यावर बसलेल्यालाच दार सांभाळायची घाई जास्त असते. आतल्यांना कशाला असेल?

माझे आजोबा १९२८ साली पेणहून बडोद्याला आले. मॅट्रिक, वय तेवीस, खिशात मेहुण्याच्या नावे एक चिठ्ठी. मेहुणे संस्थानच्या खासगी खात्यात कारकून. आजी सांगायची, गाडीतून उतरले, दांडिया बाजारात चिठ्ठी दाखवली, संध्याकाळच्या आत वाड्यात खोली मिळाली, आणि आठवड्याभरात नोकरी. घरात ही गोष्ट आजोबांची कर्तबगारी म्हणून सांगितली जाते. मीही माझ्या मुलीला तशीच सांगितली. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते कुणाला माहीत नाही. आडनाव वाचूनच काम झालं असणार.

त्याच्या आधी अकरा वर्षं, १९१७च्या सप्टेंबरात, याच स्टेशनावर आणखी एक माणूस उतरला होता. त्याच्याकडे चिठ्ठीपेक्षा मोठी गोष्ट होती. खुद्द महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली त्याला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं होतं. तिथली एमए, मग लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरीचा अभ्यास सुरू केलेला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं तो अर्धवट सोडून, करारानुसार संस्थानची नोकरी करायला भीमराव आंबेडकर बडोद्यात आले होते. नोकरी पक्की होती. खोली मिळेना.

ते पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले. कचेरीत चपरासी फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेला. विश्रामगृहातलं हे सगळं बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्यातल्या जमावापेक्षा मला दोन मित्रांचा भाग जास्त टोचतो. त्यांनी बडोद्यातल्या दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला. हिंदू मित्राचं म्हणणं पडलं, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. 'मला वैयक्तिक काही नाही' याची आणखी कुठली आवृत्ती असते? मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले.

त्या बागेला आता सयाजी बाग म्हणतात. आम्ही लहानपणी तिथे छोट्या रेल्वेत बसायला जायचो. २३ सप्टेंबरला तिथे संकल्पभूमीवर, म्हणजे बाबासाहेबांनी अस्पृश्यता संपवायचा संकल्प केला त्या जागी, दर वर्षी लांबलांबून माणसं येतात. आमच्या गल्लीतून त्या दिवशी बागेत गेलेलं माझ्या आठवणीत कुणी नाही.

मला या गोष्टीत नोकरीवाली बाई म्हणून एक वेगळीच गोष्ट दिसते. सयाजीराव त्या काळातले किती पुढचे राजे! १९०६ साली सगळ्या संस्थानात त्यांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं. वरून नेमणूक झाली होती, हुकूम निघाला होता, पगार ठरला होता. अडलं ते पाण्याच्या माठापाशी आणि फायलीच्या टेबलापाशी. आमच्या कंपनीच्या भिंतीवरही 'समान संधी'चं धोरण फ्रेम करून लावलंय, मालकांच्या सहीचं. ते कॉन्फरन्सरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आहे.

सयाजीरावांची स्वतःची निवड ही बडोद्यातली सगळ्यात प्रसिद्ध मुलाखत. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या एका शाखेतली मुलं आणली गेली. सांगतात की प्रत्येकाला विचारलं, इथे कशाला आलास? बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. हे उत्तर आमच्या शाळेत दर वर्षी कुणीतरी भाषणात सांगायचं, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. पुढचं कमी सांगतात. त्या शेतकरी घरातल्या पोराला धड अक्षरओळख नव्हती. मग त्याच्यासाठी शिक्षक नेमले, इलियट नावाचे इंग्रज अधिकारी ठेवले, सहा वर्षं भाषा, हिशेब, कारभार, बसणं-उठणं सगळं शिकवलं आणि १८८१च्या अखेरीस हाती अधिकार दिले. हा सेट होईल का, असं कुणी विचारलं नाही. सेट केला. घराणं जुळत होतं ना, म्हणजे बाकी सगळं शिकवता येतं.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या जुन्या फॅकल्टीनं मला विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं. तयारी म्हणून लायब्ररीत बसले, नाहीतर हे मी कधी वाचलं नसतं. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास आला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित आडनावाला उच्चवर्णीय हिंदू आडनावापेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी आणि मुस्लिम नावाला साधारण दोन तृतीयांशानं कमी निघाली. अजून मुलाखत नाही, मान कलती नाही, मासे नाहीत. नुसता कागद.

त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीकडच्या मोठ्या कंपन्यांतल्या एचआरवाल्यांशी, म्हणजे माझ्या जातवाल्यांशी, बोलून लिहिलं. सगळ्यांचा गुणवत्तेवर ठाम विश्वास. आणि बहुतेक सगळे उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारतात. का, तर संस्कार कळतात. ते वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आपण विचारतो तोच प्रश्न, घराणं कसं आहे, फक्त टाय लावून. अमेरिकेतही तेच, २०१२ साली लॉरेन रिवेरा या समाजशास्त्राच्या बाईंनी बड्या बँका, वकिली आणि सल्लागार कंपन्यांतल्या निवड करणाऱ्या १२० जणांच्या मुलाखतींवरून दाखवलं की ज्याचे छंद आपल्यासारखे तो उमेदवार त्यांना हुशारही वाटतो. तिथे स्क्वॉश, इथे गरबा.

विद्यार्थ्यांपैकी एका मुलीनं मला विचारलं, कायदा काय म्हणतो? मी म्हटलं, घटनेचं १६वं कलम सरकारी नोकरीत संधीची समानता देतं, खाजगी कंपनीच्या गेटवर ते थांबतं. "मग गेटच्या आत कोण बघतं?" मी म्हटलं, एचआर. वर्ग हसला. मीही हसले, तशी सवय आहेच.

त्यानंतर ऑफिसात मी काही खटपटी केल्या. पाचवा रकाना काढायचाच होता, मालकांचा मुलगा तयार झाला नाही. मग तोडगा निघाला की 'फिट'च्या पुढे हो-नाही लिहायचं नाही, एक पूर्ण वाक्य लिहायचं. आश्चर्य म्हणजे रकाने कोरे यायला लागले. लोकांना वाक्य सुचेना. एकानं लिहिलं, 'शांत आहे'. दुसऱ्यानं, 'माझ्या साडूच्या गावचा आहे', आणि वर खूणही चांगली केली.

फिटला काही अर्थच नसतो असं मी म्हणत नाही. मागे एक फोरमन आला होता, पंधरा वर्षांचा अनुभव, कामात वाघ. मुलाखत चालू असताना चहा सांडला म्हणून आमच्या चहावाल्या पोरावर असा खेकसला की ते पोर थरथरलं. आम्ही त्याला घेतलं नाही आणि फॉर्मवर तसंच लिहिलं, 'चहा देणाऱ्यावर ओरडला'. हे वाक्य मी त्याला तोंडावर वाचून दाखवू शकले असते. बोडेलीच्या मुलाच्या फॉर्मवर मी कुठलं वाक्य लिहिलं असतं? रविवारभर मनात जुळवून पाहिलं. जे जुळलं ते माझ्या स्वतःच्या डब्याबद्दलच होतं.

आता गुण प्रत्येकानं आधी आपापले लिहायचे, मग बोलायचं, असाही नियम केलाय, कारण पूर्वी साहेबांनी घसा खाकरला की बाकी दोघांचे आकडे ठरायचे. प्रात्यक्षिक आधी आणि गप्पा नंतर. टिफिनचा प्रश्न बंद. पण माणसं वाट काढतात. परवाच एकानं उमेदवाराला विचारलं, "उत्तरायणला कुठल्या पोळात असता?" (उत्तरायण म्हणजे संक्रांत, पोळ म्हणजे जुन्या वस्तीतली गल्ली) आणि पत्ता, जात, धर्म, सगळं पतंगाच्या दोरीनं खाली उतरवून घेतलं. आणि दुसऱ्यांचं कशाला सांगू? जागा निघाली की पहिला मेसेज आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अनेक वर्षं मीच टाकत आलेय. ओळखीतून माणूस आणला की कंपनी बक्षीस देते, ते मी दोनदा घेतलंय. आजोबांची चिठ्ठीच ती, फक्त आता निळी टिक येते.

ओल सुकल्यावर त्या फॉर्मवरचा मोबाइल नंबर मी लावून पाहिला. एका बाईंनी उचलला, सुरतेहून. नंबर त्यांच्याकडे चार वर्षं आहे म्हणाल्या. "काम शुं हतुं, बेन?" मला पटकन काही सांगता आलं नाही. त्यानं उचलला असता तरी काय सांगणार होते, तेही ठरवलेलं नव्हतं. फॉर्म उलटा केला तर मागे त्याची वजाबाकी तशीच आहे, गुजराती आकड्यांत, खाली दोन रेघा मारलेल्या.

गेल्या आठवड्यात क्वालिटीसाठी पुन्हा मुलाखती लागल्या. साहेब रिटायर झालेत, नवीन साहेब तरुण आहेत. मी सकाळी लवकर जाऊन कॉन्फरन्सरूम उघडली, पाण्याच्या बाटल्या मांडल्या आणि सहज ड्रॉवर ओढला. तोच स्टीलचा तुकडा, तीच व्हर्नियर. मला वाचता येते ती, इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलेय. जबडे मिटून खिडकीकडे धरली. दोन रेघा पुढे.

स्टोअरच्या भाईंना बोलावून विचारलं, ही अजून इथे कशी? शॉपमधली सगळी साधनं तर वर्षाला तपासायला जातात, स्टिकर लागतं. ते म्हणाले, "ए तो खाली इंटरव्ह्यू माटे छे, मॅडम. काममां थोडी वापरीए?" ही फक्त मुलाखतीसाठी, कामात थोडीच वापरतो?